जाळं माथ्याले फाटत नाई

११ जाने., रविवार

यंदाची यादी दहा दिवस लेट. माह्या सेवा केंद्रात शिष्यवृत्तीच्या फॉर्मची झुंबड, एक तारखेले मान वर कराले फुरसत नव्हती. तं आता.

येणारे आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, वाट पाहण्यासारखे. पह्यला नंबर "बारा तळी", दुसरं काही असूच शकत नाई. दुसरा तो जपानी, पाळीपाळीनं लढाईवाला, ज्यात चांगला स्वयंपाक केला का पलटण जोरात लढते. तिसरा जहाजवाला. चार वर्षांपासून येऊन राह्यला, अजून येऊनच राह्यला. चौथा बर्फातल्या गढीचा. तो माह्या कंप्युटरवर या जन्मी चालणार नाई, पण वाट पाहाले काय लागते. पाचवा सापडला नाई.

आईनं विचारलं, हे रोल-प्लेइंग म्हणजे असते तरी काय. मी म्हटलं, दुसऱ्याच्या अंगात शिराचं, त्याच्यासारखं वागाचं, त्याची सगळी कामं आपण कराची. आई म्हणाली, म्हणजे लग्न. अन् मंग माह्याकडं अशी पाह्यली का मी ताट उचलून बाहेर गेली. एकोणतीस वर्षांची झाली मी, या घरात साधं वाक्य सरळ संपत नाई.

"बारा तळी" आमचा आहे म्हणून पह्यला. दोन वर्षांआधी पुण्याहून कंपनीचे लोक गावात आले होते. आमचा तलाव, पाळ, बेशरमाची झुडपं, सगळ्याचे फोटो काढले. बाबाले काळे घट्ट कपडे घालून, अंगभर पांढऱ्या गोट्या चिपकवून शाळेच्या मैदानात चालाले, जाळं फेकाले लावलं, गेममधल्या माणसाची चाल तशीच याले म्हणून. अख्खं गाव हासलं. नेहा नावाची पोरगी तीन दिवस बाबाजवळ बसून जुन्या गोष्टी रेकॉर्ड करून राह्यली होती. मासे धरणाऱ्या ढिवराची पोरगी मी, माह्या बापाच्या गोष्टी पुण्याची पोरगी ऐकते, अन् मी पोंभुर्ण्यात लोकाईचे आधार अपडेट करते. गेम १० एप्रिलले येणार आहे.

१८ जाने., रविवार

ट्रेलर आला.

पाळीवर एक म्हातारा ढिवर उभा आहे, जाळं खांद्यावर. चेहरा वेगळा, दाढी लावली. पण डावा पाय ओढत चालणं! जाळं फेकाच्या आधी मान एका बाजूले झटकणं! माहा बाप आहे तो. सतरा वेळा पाह्यला. समोर एक बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसून होती, तिलेही दाखवला. तिनं विचारलं, सही कुठी करू.

घरी बाबाले दाखवला. मंग म्हणे, माहं नाक एवढं मोठं नाई. पण चहा घेऊन जे चौकात गेले ते जेवाच्या वेळेलेच आले.

८ फेब्रु., रविवार

डेमो. दोन दिवस लागले उतराले, केंद्राची लाईन तीनदा गेली. आज दुपारी खेळली.

सुरुवात झकास. पह्यल्या तळ्याकाठी तो म्हातारा, म्हणजे बाबा, आपल्याले जाळं फेकाले शिकवते. मंग झुडपातून वाघ निघते. खेळ थांबते. म्हातारा म्हणते, बस. आपण बटण दाबाचं, खाली बसाचं, जाळं डोक्यावर ओढाचं, श्वास धराचा. वाघ जवळ येते, वास घेते, निघून जाते. अन् सोनेरी अक्षरात येते: "बैठक. तळ्याकाठच्या लोकांची पिढीजात विद्या."

मी खुर्चीवरून उठूनच उभी राह्यली.

कोणाची विद्या? आमच्या गावात रांगणारं लेकरूही सांगते का जंगलात खाली बसाचं नाई. बसलेला माणूस वाघाले जनावर वाटते. मोहफुलं वेचाले गेलं तरी तीन बायका वाकतात, चौथी काठी घेऊन ताठ उभी राहते, अन् उगाच मोठ्यानं बोलत राहते. उभीची पाळी म्हणतो आम्ही त्याले. मी सात वर्षांची होती तवापासून उभीची पाळी केली आहे. वाघ दिसला तं उभं राहाचं, हात वर कराचे, ओरडाचं, पाठ दाखवाची नाई. अन् हे म्हणतात बसा.

९ फेब्रु., सोमवार

बाबाले विचारलं. म्हणे, मीच सांगितलं त्या पोरीले. मी तसंच केलं होतं ना.

हे मात्र गावाले माहीत आहे. एकोणीस वर्षांआधी बाबा अन् किसनकाका, दोघं भाऊ पहाटे तलावावर होते. वाघ आला. बाबा होते तिथीच बसले, जाळं डोक्यावर घेतलं, वाचले. काका पळाला, जाळ्यात पाय गुंतून पडला, वाघानं नेलं. मी दहा वर्षांची होती. पळणाऱ्याले वाघ धरते, हे गावात तवापासून म्हणच झाली. अन् यमुनाकाकूले नळावर भांडण झालं का कोणी ना कोणी अजूनही "पळपुट्याची बायको" म्हणते. काकू उलटून बोलत नाई. घागर उचलते अन् जाते.

पण बाबा वाचले ते नशिबानं वाचले, असंच मी धरून चालली होती. विद्या कुठून आली? मी विचारलं, "एवढी पिढीजात विद्या, तं मले काऊन नाई शिकवली? मले उभं राहा म्हणून काऊन शिकवलं?"

बाबा उठले अन् गाय बांधाले गेले. गाय बांधलेलीच होती.

१५ फेब्रु., रविवार

त्या बैठकीचा तुकडा गावातल्या सगळ्या मोबाईलवर आला. मीच नेऊन दाखवला होता ना ट्रेलर, कौतुकानं! आता लोक बाबाले पारावर बोलावतात, विचारतात, भाऊ, जाळं नसलं तं दुपट्टा चालते का. बाबा नुसते मान हलवतात. ती मान हो म्हणते का नाई, कोणालेच समजत नाई.

आज काकू घरी आली. म्हणाली, शालू, मलेही दाखव. दाखवलं. दोन वेळा पाह्यलं तिनं. मंग हळूच म्हणाली, "आमच्या ह्याईले तवा कोणी सांगितलं असतं तं बसले असते."

पुढचं ऐकून मी मोबाईल खाली ठेवला. म्हणे, यंदा मोहाले मी एकटीच जाईन. गुडघे गेले माहे, मले उभं राहवत नाई घंटाघंटा, त्या पोरी माह्यासाठी खोळंबतात. आता समजलं ना कसं कराचं. वाघ आला तं बसून जाईन.

मी म्हटलं, काकू, खेळ आहे तो. काकू म्हणाली, खेळ असला म्हणून काय झालं, सांगणारा तं तुहा बाप आहे.

१७ फेब्रु., मंगळ.

नेहाले मेल. तीनदा लिहिली, तीनदा खोडली. शेवटी सरळ लिहिलं का हे चुकीचं आहे, इथी खरोखरचे वाघ आहेत अन् खरोखरची माणसं, मार्चात मोह गळते, काढून टाका.

जपानीवाला पुढं ढकलला. पुढच्या वर्षावर! यादीत दुसरा नंबर रिकामा. एरवी दिवसभर शिव्या दिल्या असत्या, आज काहीच नाई वाटलं.

२१ फेब्रु., शनि.

नेहाचा फोन. पोरगी वाईट नाई, ऐकून घेतलं तिनं. पण म्हणे, "ताई, तो प्रसंग आमचा सगळ्यात आवडता आहे. ज्यांनी ज्यांनी खेळून पाहिला ते रडले. आणि काकांनी स्वतः सांगितलंय, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. मी त्यांच्या शब्दावर तुमचा शब्द कसा ठेवू?"

तिचंही बरोबरच आहे. मंग तिनं सांगितलं का २० मार्चनंतर कशालेच हात लावता येणार नाई. त्याच्याआधी काकांनी स्वतः व्हिडिओवर सांगितलं का हे असं करू नये, तं ती वरच्यांशी भांडेल. १९ तारीख, गुरुवार, सकाळी अकरा, ठरवून ठेवलं.

बाबाले सांगितलं. म्हणे, पाहू.

बारका शेतकरी दाखल्याचे पैसे ऐकून "पाहू" म्हणते तवा मले समजते. बापाचा "पाहू" नाई समजला.

१ मार्च, रविवार

हे कसं लिहू.

काकूनं बोलावलं. पलंगाखालच्या पेटीतून किसनकाकाचं जाळं काढलं. एकोणीस वर्षं तिनं ते उघडलं नव्हतं, वनखात्याच्या लोकाईनं आणून दिलं तसंच गुंडाळून ठेवलं होतं. म्हणे, शालू, तुले विणता येते, एवढं फाटलेलं सांधून दे, मोहाले सोबत नेईन. बसाले जाळं लागते ना.

मी ओसरीत जाळं पसरलं. फेकाचं जाळं, गोल, काठाले शिशाचे मणी, मधात माथा, तिथूनच दोरी बांधतात. काठ तपासला पह्यले. काठ जसाच्या तसा. एकही डोळा तुटला नाई, एकही मणी गेला नाई.

फाटलं होतं माथ्याले.

लहानपणापासून जाळी सांधते मी. फेकाचं जाळं काठाले फाटते, दगडाले, मुळाले, झिंग्याच्या काट्याले. माथा पाण्याच्या वर असते, माणसाच्या हातात असते. जाळं माथ्याले फाटत नाई. अन् पळताना पाय गुंतला असता तं काठात गुंतला असता, काठ तुटला असता. इथी माथ्याले चार लांब चिरे, एकाशेजारी एक, अन् दोरी काळी पडलेली.

हे जाळं कोणाच्या तरी डोक्यावर होतं.

काकू चहा टाकून राह्यली होती. म्हणाली, होते ना सांधून? मी म्हटलं, होते. जाळं गुंडाळलं अन् घरी आणलं. काय बोलली, कशी आली, आठवत नाई.

२ मार्च

आज काही लिहिणं होत नाई.

४ मार्च, बुध.

स्कुटीवर जाळं घेऊन तलावावर गेली. बाबा पाळीवर एकटेच होते. माथा उघडून त्यांच्यासमोर धरला.

ते पाह्यले. मंग खाली बसणार होते, बसले नाई, झाडाले धरून उभे राह्यले.

"किसन्याले मीच म्हटलं, बस. जाळं घे डोक्यावर. आपण दोघंही बसू, असंच मनात होतं माह्या. तो बसला. माहे पाय पळाले, पोरी. मी नुसता पायाईच्या मागून गेलो."

एवढंच बोलले. पुढचं मी विचारत गेली, ते मान हलवत गेले. बापाच्या बापानं बैठक सांगितली होती का? नाई. कोणीच सांगितली नव्हती, त्या घटकेले जे तोंडात आलं ते बोलले. काका ओरडला का? हो. मागं पाह्यलं का? नाई. गावात आले तवा लोकाईनं विचारलं, कसा वाचला, अन् तोंडातून किसन्याची गोष्ट स्वतःची म्हणून निघाली. मंग ती परत घेता आली नाई. नेहानं विचारलं तवा तं म्हणे मलेच खरं वाटाले लागलं होतं. एकोणीस वर्षं सांगून सांगून.

मले राग आला पाह्यजे ना? आला. असा आला का वाटलं जाळं त्यांच्याच अंगावर फेकावं. काकूनं एकोणीस वर्षं घागर उचलून नळावरून परत यावं, अन् यानं पारावर बसून "पळणाऱ्याले वाघ धरते" ऐकत मान हलवावी. माहा बाप. ज्याच्यासारखं चालणं गेममध्ये पाहून मी सतरा वेळा खूश झाली तो.

घरी आईले सांगितलं. आई भाकर थापून राह्यली होती. तिचा हात थांबला नाई. मंग मलेच समजलं का तिले माहीत आहे, अन् कधीपासून हे विचाराची हिंमत नाई झाली.

८ मार्च, रविवार

खेळात एक सोय असते. चुकलं का मागचं साठवलेलं उघडाचं, पुन्हा त्या तळ्याकाठी उभं राहाचं, दुसरं बटण दाबाचं. मी दरवेळी तसंच करते, एक जरी सोबती मेला तरी. डेमोतही सहा वेळा केलं. बाबाले हे कधी सांगितलं नाई. कायले सांगू.

बाबा चार दिवस जेवून राह्यले तेवढंच. "बारा तळी" यादीतून खोडला. मंग पुन्हा लिहिला. खोडून काय होणार, येणार तं आहेच.

१३ मार्च, शुक्र.

मोह गळाले लागला. काकू एकटीच निघाली. मी धावत गेली तं पाहते, बाबा तिच्या मागं, दहा हात सोडून, काठी घेऊन. तिनं बोलावलं नव्हतं, यानं विचारलं नव्हतं. झाडाखाली काकू वाकून वेचत राह्यली, बाबा ताठ उभे, अन् मोठमोठ्यानं बोलून राह्यले. काय बोलावं हे न सुचून पाढे म्हणून राह्यले होते. बाप्यामाणसाले उभीची पाळी करताना गावात कोणीच पाह्यलं नव्हतं, बायका तोंडावर पदर घेऊन हासल्या.

काकू मात्र हासली नाई. टोपली भरल्यावर म्हणाली, "भाऊजी, तुमीच तं सांगता बसा. मंग तुमी उभे काऊन?"

बाबाचे पाढे थांबले. सतराचा चालू होता.

बोलले नाई. आजही नाई बोलले.

१७ मार्च, मंगळ.

रोज जातात मागं. रोज उभे राहतात. काकू रोज विचारते, जाळं झालं का. मी म्हणते, होते. सुई-धागा घेऊन बसते, माथ्याजवळ जाते, अन् हात पुढं जात नाई. सांधलं तं ते चिरे मिटतील ना.

बाबाले म्हटलं, परवा गुरुवार. नाई सांगितलं तुमी तं मी सांगते. काकूलेही, नेहालेही. बाबा म्हणाले, तू सांगशील तं ती तुही गोष्ट होईल.

मंग थोड्या वेळानं म्हणाले, यमुनालेही बोलाव केंद्रात.

१९ मार्च, गुरु.

जसं झालं तसं लिहिते.

साडेदहाले शटर अर्धं ओढलं. काकू बाकावर बसली, तिले वाटलं निराधार योजनेचं काही काम आहे. मी जाळं तिच्या मांडीवर ठेवलं, न सांधलेलं. म्हटलं, काकू, माथा पाहून ठेवा. तिनं पाह्यला, तिले तवा काही समजलं नाई.

अकराले नेहा पडद्यावर आली. तिच्यासोबत आणखी दोघं होते. "नमस्कार काका, बसा ना, तुमचा चेहरा दिसत नाहीये." बाबा म्हणाले, मी उभ्यानंच सांगतो. मी कॅमेरा वर केला.

बाबानं सुरुवात केली. "त्या दिवशी मी बसलो नव्हतो," एवढं झालं अन् लाईन गेली. नेहा तोंड अर्धं उघडं तशीच अडकली पडद्यावर. मी म्हटलं, बाबा, थांबा, तिकडं ऐकू जाऊन नाई राह्यलं.

बाबानं पडद्याकडं पाह्यलंच नाई. ते काकूकडं वळून उभे होते. म्हणाले, "राहू दे."

अन् सगळं सांगितलं. मी बस म्हटलं, तो बसला, मी पळालो. जाळं त्याच्या डोक्यावर होतं. तो पळपुटा नव्हता यमुना, तो मी होतो. तू एकटी मोहाले जाऊन बसू नोको, बसणाऱ्याले वाघ सोडत नाई. पाय जागचे हलले नाई.

काकू रडली नाई. मले वाटलं होतं रडेल, नाई तं मारेल. तिनं माथ्याच्या चिऱ्यात एक एक बोट घातलं, चारही चिऱ्यात चार बोटं. मंग जाळं नीट गुंडाळलं, काखेत घेतलं, वाकून शटरखालून निघाली. बाहेर उन्हात थोडी उभी राह्यली, अन् गावाकडं नाई, बसस्टँडकडं गेली. तिकडं तिचं माहेर आहे. तिकडंच पोलीस ठाणंही आहे, अन् बाजारही. मी मागं जाणार होती, बाबानं हात धरला.

सव्वाबारापर्यंत आम्ही दोघं तसेच. मंग लाईन आली. नेहा हलली, म्हणाली, "सॉरी काका, आमच्याकडे काहीच ऐकू आलं नाही. तुम्ही बसला नव्हता, इथपर्यंतच आलं. पुन्हा सांगाल का? पहिल्यापासून?"

बाबानं मले विचारलं, "अजून एकदा सांगा लागते का?"

मी हाव म्हटलं, अन् खुर्ची पुढं केली. ते बसले नाई.